उजवीकडचा फ्यूज

पर्वती पायथा, पुणे
८ सप्टेंबर

श्री. शरच्चंद्र आगटे यांना,

नमस्कार. मी सुदर्शन, तुमच्या घराच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही मिरजेला मुलीकडे गेलात आणि जाताना सांगून गेलात, ‘मला ऐकू कमी येतं, फोनवर ओरडून तुमचा घसा आणि माझं डोकं दुखवू नका, काही असलं तर लिहा.’ म्हणून लिहितोय. शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. शुद्धलेखन चुकलं असेल. राग मात्र बरोबर आहे.

काका, फ्यूज उडतोय. या आठवड्यात चौथ्यांदा उडाला. मी खराडीला एका कंपनीत लोकांच्या तक्रारींचे फोन घेतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी प्रत्येकाला ‘आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत’ असं गोड आवाजात सांगतो. आज मी तक्रार करतोय आणि दिलगीर तुम्ही व्हायचंय. या बाजूला किती मजा असते, ते आत्ता कळतंय.

फ्यूजचा बोर्ड तुमच्या व्हरांड्यात. व्हरांड्याला जाळीचं दार, दाराला कुलूप, किल्ली मिरजेत. मी जाळीतून खांद्यापर्यंत हात घालतो, चाचपडत उजवीकडचा चिनी मातीचा फ्यूज उपटून बाहेर काढतो, त्यात नवी तार भरतो आणि तसाच परत बसवतो. काल दंड चांगला सोलवटला. मागच्या खोलीतली उत्कर्षा मोबाइलची बॅटरी धरून उभी असते आणि म्हणते, “सुदर्शन, राहू दे ना, मरशील!” तिची आई, सत्यशीलाबाई, शिलाई मशीन सोडून बाहेर येते आणि म्हणते, “अगं, त्याला बोलू नकोस, हात हलेल त्याचा.”

तुमचं वायरिंग पन्नास वर्षांचं आहे. लाकडी पट्ट्यांवरून वायर फिरवलेली घरं आता सिनेमावाले शूटिंगसाठी शोधत असतात. एक तर हे बदला, नाहीतर मी त्या फ्यूजमध्ये अशी जाड तांब्याची तार कोंबतो, की फ्यूजच्या बापालाही उडता येणार नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ती तुमची मर्जी.

सुदर्शन


मिरज
११ सप्टेंबर

श्री. सुदर्शन यांस,

पत्र मिळाले. अक्षर वाचता येते, याचे समाधान वाटले. मजकुराबद्दल तसे म्हणता येत नाही.

मेन स्विच चालू ठेवून, जाळीतून हात घालून, न बघता आपण फ्यूज ओढता, हे मी माझ्या मुलीला, ऋचाला, मोठ्याने वाचून दाखवले. तिने मला पाणी आणून दिले. मरायचे की नाही हा आपला प्रश्न आहे. पण माझ्या व्हरांड्यात मरण्याची परवानगी करारनाम्यात दिलेली नाही. सोबत जाळीच्या कुलपाची किल्ली पाठवत आहे. दार उघडावे, आधी मेन बंद करावा, मगच फ्यूजला हात लावावा. बोर्डाखाली खिळ्याला फ्यूजच्या तारेचे रीळ टांगलेले आहे. तीच तार वापरावी. एकच पदर.

आता जाड तारेबद्दल. फ्यूज उडतो तेव्हा तो आपला अपमान करत नसतो, नोकरी करत असतो. सगळ्यांच्या आधी जळायचे, एवढीच त्याची नोकरी. त्यात जाड तार घातली, की जळण्याचे काम भिंतीवरच्या वायरकडे जाते, आणि ती सांगून जळत नाही. एखादे बटण कोमट लागले किंवा घरात तापलेल्या वायरचा मासळीसारखा वास आला, तर मेन बंद करावा आणि विचार नंतर करावा. आपल्या घरात मासळी कुणी तळत नाही.

फ्यूज उडतो त्या क्षणी घरात काय काय चालू असते, ते कळवावे.

वायरिंग पन्नास नव्हे, एक्कावन्न वर्षांचे आहे.

श. वि. आगटे


पुणे
१६ सप्टेंबर

आगटे काका,

किल्ली मिळाली. थँक यू. खरंच, मनापासून. इतकं भांडून लिहिल्यावर कुणी घराची किल्ली पाठवेल, असं वाटलं नव्हतं. वाघोलीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला लॅबची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, तेव्हा मी सरांना चार गोष्टी सुनावल्या आणि पाचवी सुनावण्याआधी कॉलेजच सोडलं. गावी, रिसोडला, बाबा अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात. तेव्हापासून माझ्याकडे कुणी काही विश्वासानं दिलेलं हे पहिलंच.

तर तुमचा प्रश्न. फ्यूज उडतो तेव्हा जे काही चालू असतं, ते सगळं माझं असतं. पाणी तापवायचा रॉड, इंडक्शनची शेगडी, इस्त्री. हेअर ड्रायर पण लिहून घ्या. मागच्या खोलीत तर काहीच नाही. एक ट्यूब, एक पंखा आणि सत्यशीलाबाईंचं मशीन. मिक्सर असेल, पण तो कोणाकडे नसतो? ओव्हन वगैरे तर अजिबात नाही. ती माणसं फार साधी आहेत, काका. परभणीकडची. त्यांना काही बोलू नका, जे बोलायचं ते मला बोला.

एक खरं सांगू का? फ्यूज उडाल्याचा मला तसा फारसा त्रास नाहीये. फ्यूज उडाला की उत्कर्षा जिन्याखालून हाक मारते, “सुदर्शन, आहेस का वर?” ऑफिसात दिवसभर हेडफोनवर लोक मला ‘हॅलो, ऐकतोयस का’ म्हणतात. माझं नाव पूर्ण घेऊन, मी आहे का असं विचारणारी या शहरात ती एकटीच आहे. मी एका उडीत चार पायऱ्या उतरतो. मग ती बॅटरी धरते आणि मी तार भरतो. तेवढा वेळ आम्ही दोघंच असतो. तार भरायला मी जरा जास्तच वेळ लावतो.

हे तुम्हाला कशाला लिहितोय, कळत नाही. वय झालेल्या माणसाला सांगितलं की पोटात राहतं म्हणतात.

तुमचा,
सुदर्शन


मिरज
१९ सप्टेंबर

श्री. सुदर्शन यांस,

यादीबद्दल आभारी आहे. बोर्डावर तीन फ्यूज आहेत. डावीकडचा वरच्या खोलीचा, मधला माझ्या घराचा आणि उजवीकडचा मागच्या खोलीचा. आपण उजवीकडचा उडतो असे लिहिले होते. म्हणजे एक तर आपण सत्यशीलाबाईंच्या मोरीत पाणी तापवून आंघोळ करता, किंवा मला खोटे लिहिता. दुसरे असावे, अशी मी आशा करतो.

शिवाय, ओव्हनबद्दल मी विचारले नव्हते.

शिलाईकाम करण्याआधी सत्यशीलाबाईंनी मला विचारले आणि मी हो म्हटले. ओव्हनचे मला कुणी विचारलेले नाही. ती खोली राहण्यासाठी दिली आहे आणि तिच्या वायरिंगला किती झेपते, ते मला माहीत आहे. मला अंधारात ठेवून तिथे काही धंदा चालू असेल, तर दसऱ्यानंतर खोली रिकामी करून मागावी लागेल. हे लिहिताना मला आनंद होत नाही. नक्की काय चालते ते स्पष्ट लिहावे.

आपली दुसरी गोष्ट पोटात ठेवली आहे. ऑपरेशन गुडघ्याचे असल्याने तिथे जागा आहे.

श. वि. आगटे


पुणे
२६ सप्टेंबर

आगटे काका,

नाही लिहिणार. काय करायचं ते करा.

खोली रिकामी करायचीच असेल तर माझी करा. मी आजच बॅग भरतो. त्या दोघींनी परभणी सोडल्यापासून तीन घरं बदललीत. एका ठिकाणी मशीनचा आवाज येतो म्हणून काढलं, दुसरीकडे घरात पुरुषमाणूस नाही म्हणून. तुमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा सत्यशीलाबाईंनी भिंतीला खिळा ठोकून कॅलेंडर लावलं. आधीच्या घरांत त्या कॅलेंडर गुंडाळूनच ठेवायच्या, उत्कर्षानंच सांगितलं मला. आणि तुम्ही एका फ्यूजपायी त्यांना दसरा झाल्यावर रस्त्यावर काढणार? तुमच्याबद्दल माझं फार चांगलं मत झालं होतं.

आणि ऐका, आनंद करा. सहा दिवस झाले, तुमचा तो फ्यूज एकदाही उडालेला नाही. सगळं तसंच चालू आहे, माणसं तीच, कामं तीच, पण फ्यूज ठणठणीत. मिळालं समाधान?

मला नाही मिळालं. सहा दिवसांत तिनं एकदाही हाक मारलेली नाही. काल जिन्यात दिसली तर म्हणाली, “आता तुला त्रास नाही हां,” आणि हसत निघून गेली. म्हणजे मी गेलो काय, राहिलो काय, सारखंच. मी फोन बंद करून ठेवलाय. आता कोणाचा उचलायचा राहिलाय?

पत्र फाडायचं तर फाडा.

सुदर्शन


मिरज
२९ सप्टेंबर

सुदर्शन,

हे पत्र उभ्याने वाच. ऋचाने सकाळपासून तुला फोन लावले, तुझा बंद आहे, आणि त्या दोघींचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

घरातला लोड कमी झालेला नाही आणि तरी फ्यूज उडायचा थांबला, तर तो बरा झालेला नाही, कुणीतरी त्याचे तोंड बांधले आहे. आत्ताच्या आत्ता खाली जा. मेन बंद कर. उजवीकडचा फ्यूज काढ आणि तारेचे पदर मोज. मागच्या खोलीतली बटणे हाताने चाचपून बघ.

उरलेले पत्र नंतर वाच.

नंतर वाचायचे ते एवढेच. तिने तुझ्याशी बोलणे बंद केले, असे तुला वाटते. मला वाटते, तिने फक्त फ्यूज बंद केला. का, ते तिला विचार. मला इतक्या लांबून ऐकू येत नाही.

शरच्चंद्र आगटे


पुणे
३ ऑक्टोबर

आदरणीय आगटे काका,

साष्टांग नमस्कार. मी उत्कर्षा, मागच्या खोलीतली. आधी हे सांगते, की आम्ही दोघी सुखरूप आहोत आणि घरही उभं आहे. ते तुमच्या पत्रामुळे.

ओव्हन माझा आहे. मी वर्षभर केकच्या ऑर्डरी घेते. गेल्या महिन्यात गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दिवाळीच्या नानकटाईसाठी परात घेऊन बेकरीत रांग कोण लावणार, तूच भाजून दे ना. कुणी आधी थोडी करून बघायला, कुणी नातेवाइकांना पाठवायला, असं करत आत्ताच परातींची रीघ लागली. पीठ मळून त्या आणतात, भाजते मी. एकटा ओव्हन लावला तर फ्यूज टिकतो. आईनं ब्लाउजांना फिरवायला इस्त्री लावली, की गेलाच.

तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाल याची भीती वाटली, म्हणून विचारलं नाही.

आता तारेचं. प्रत्येक वेळी सुदर्शन कामावरून दमून आला की आम्ही त्याला खाली बोलवायचो. तुमची किल्ली यायच्या आधी त्याच्या दंडाला किती लागलं होतं, ते मी बघितलंय. मला ते बघवेना. किल्ली आली आणि सुदर्शन ती जिन्याखालच्या खिळ्याला लावून कामाला जायला लागला, तशी मी त्याचं बघून तार भरायला शिकून घेतलं. आईनं मला लहानपणापासून शिकवलंय, कोटाचं बटण लावायचं तर दोरा चार पदरी घ्यायचा, छान पीळ द्यायचा, म्हणजे तुटत नाही. मी तारही चार पदरी घेतली आणि पीळ दिला. नीट काम केलं असंच वाटलं हो मला. सारखी तुटते तर मजबूत करावी, एवढंच डोक्यात होतं.

परवा दुपारी ओव्हनमध्ये परात होती आणि आई इस्त्री करत होती. सुदर्शनला सुट्टी होती, तो कागद हातात घेऊन अनवाणी खाली आला. आमच्या दाराशी थबकला, एकदा वास घेतला आणि माझ्याकडे न बघता व्हरांड्यात धावला. मेन बंद झाला. मग त्यानं येऊन ओव्हन सरकवला. प्लग वितळून सॉकेटला चिकटला होता. वरच्या लाकडी पट्टीला त्यानं बोट लावलं, तर ती कोळशासारखी हातात आली. काका, त्या पट्टीखाली लोकांच्या ब्लाउजपिसांचा ढीग असतो आणि आई त्या ढिगाला टेकूनच बसते.

रोज ओव्हनपाशी असल्यामुळे मला तो वास आला नव्हता. मला वाटलं, कुणाच्या तरी तुपाचा आहे.

मग सुदर्शननं मला तुमची सगळी पत्रं दाखवली आणि स्वतःची काय काय लिहिली, तेही सांगितलं. माझ्यासाठी खोटं बोलायला मी त्याला सांगितलं नव्हतं. तसं मी त्याला सुनावलं, जरा जोरातच. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तो म्हणे आईला सांगत होता, “रागावली आहे म्हणजे चांगलंच आहे.” असा आहे तो.

दिवाळीच्या ऑर्डरी मी थांबवल्या आहेत. मागची लाईन बंद ठेवली आहे. खोली सोडायची असेल तर सोडू, तुमची चूक नाही. फक्त दिवाळी होईपर्यंत राहू द्या, आई यंदा पुन्हा सामान बांधायला तयार नाही.

आपली,
उत्कर्षा


मिरज
७ ऑक्टोबर

चि. उत्कर्षा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. चार पदरांचा परिच्छेद तीनदा.

माझी पत्नी सरोजिनी दर दिवाळीला पीठ मळून परात बेकरीत नेत असे. परातीवर नावाची चिठ्ठी लावायची आणि रांगेत उभे राहायचे. एका वर्षी बेकरीवाल्याने परात बदलली. आमच्या घरी कुणा पाटसकरांची नानकटाई आली, भयंकर कडक. पाहुण्यांपुढे तिने तीच ठेवली आणि पाटसकरांच्या सुनेला बिचारीला जमत नसेल, असे म्हणत राहिली. सरोजिनी इतकी वर्षे त्या रांगेत उभी राहिली. मी एकदाही परात उचलायला गेलो नाही, मला ऑफिस होते. आता तिच्या घरात कुणी बायकांना त्या रांगेतून सोडवत असेल, तर त्या मुलीला बाहेर काढण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

पुढचे नीट वाच. भीमराव वायरमनला कळवले आहे, तो शनिवारी येईल. मागच्या खोलीतली सगळी लाकडी पट्टी निघेल. ओव्हनला मीटरपासून वेगळी जाड लाईन येईल आणि तिला स्वतःचा एमसीबी असेल. लोड जास्त झाला की खटका आपोआप पडेल, तार भरायला नको. इस्त्रीची लाईन निराळी. घर माझे आहे, वायरही माझी, तेव्हा खर्चाचे मला विचारू नये. ओव्हन चालेल, असे करारनाम्यात मी लिहीन. यापुढे मात्र काही नवे आणाल तर आधी विचाराल. मी नाही म्हणेन या भीतीने न विचारणे, हा माझाही थोडा अपमान आहे.

घराचा मंजूर लोड वाढवून घ्यावा लागेल. अर्जावर सही करून सोबत पाठवतो. वीज कार्यालयात सुदर्शनने जावे. तिथे कुणाला काही सुनावू नये. कामावर जे दिलगिरीचे वाक्य म्हणतो, ते म्हणावे.

त्याला आणखी एक सांग. पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर पत्रे लिहिली. लोकांनी ती पूर्ण वाचली आणि काही केले नाही. माझे पत्र अर्धे टाकून धावणारा हा पहिला माणूस. मी त्याचा ऋणी आहे.

आईला सांग, कॅलेंडर भिंतीवर राहू दे.

शरच्चंद्र आगटे


पुणे
२४ ऑक्टोबर

आगटे काका,

शिरसाष्टांग नमस्कार. काल भाऊबीज झाली, आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहितोय.

भीमराव आला होता. मागची पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “हे बघ. अजून दोन दिवस, अन् पेपरात आला असतात.” मग मला विचारतो, “तू काय शिकलास?” म्हटलं, इंजिनिअरिंग, अर्धं. तो म्हणाला, “मग पकड शिडी अर्धी.” एरवी मी ऐकून घेतलं नसतं. पण दिवसभर धरली शिडी. वायर कुठून कशी न्यायची, ते त्यानं न विचारता दाखवलं, आणि जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी एक काम आहे, यायचं तर ये. जाणार आहे.

वीज कार्यालयात तीन खिडक्या फिरवलं. तिसऱ्या खिडकीवर माझं डोकं तापलंच होतं. पण तुमची सही डोळ्यासमोर होती. म्हटलं, “मॅडम, आपली गैरसोय होतेय, त्याबद्दल दिलगीर आहे.” त्या बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “मला असं या खुर्चीत कुणी कधी म्हणालं नाही हो.” काम झालं.

वसुबारसेपासून तुमच्या फाटकात पराती घेऊन बायका येत होत्या. रांग लागलीच नाही. उत्कर्षानं प्रत्येकीला वेळ दिली होती. ओव्हन आणि इस्त्री एकदम चालले. खटका एकदाही पडला नाही. सत्यशीलाबाई मधूनमधून हात लावून बटण गार आहे का बघायच्या आणि देवाला करतात तसा त्या बोर्डाला नमस्कार करायच्या. पाडव्याच्या दिवशी तुमच्यासाठी नानकटायांचा डबा कुरिअर केलाय. कडक झाल्या असतील तर पाटसकरांच्या म्हणून खा.

काका, मी फोनवर दिवसाला शंभर लोकांना धन्यवाद म्हणतो, त्यामुळे तो शब्द माझ्याकडून पार झिजलाय. तुम्हाला तो कसा लिहू? मी तुम्हाला वाट्टेल ते बोललो आणि तुम्ही किल्ली पाठवलीत. खोटं लिहिलं, ते तुम्ही पकडलंत, पण माझा अपमान केला नाही. माझ्या रुसव्याच्या रडगाण्यातूनही तुम्हाला एकच गोष्ट ऐकू आली, की फ्यूज उडत नाहीये. इतकं ऐकू येणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. त्या पट्टीखाली बसणारी माणसं आज घरात हसत-भांडत आहेत. बस, इतकंच लिहिता येतं.

उत्कर्षा बोलायला लागली दसऱ्यानंतर आठवड्यानं. म्हणाली, “माझ्यासाठी काही करायचं असेल तर मला विचारून कर.” म्हटलं, बरं. आता सारखं विचारतो. वैतागते.

आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, कुणाला लिहितोस?

म्हटलं, “आगटे काकांना. आभाराचं.”

“मग माझेही आभार लिही.”

“तू वेगळं लिही ना. तुझं अक्षर चांगलं आहे.”

तर म्हणाली, “वेगळं कशाला?”

काका, याचा अर्थ काय घ्यायचा? मी कधीचा पेन हातात धरून बसलोय आणि

काका, तो तसाच बसलाय. म्हणून पुढचं मी लिहिते. तुमचे फार फार आभार. गुडघा बरा झाला की लवकर घरी या. आम्ही वाट बघतोय.

आपले,
उत्कर्षा आणि सुदर्शन